चुन्याची निवळी आणि काचेतला समुद्र

पोवळे म्हटले की आपल्याला अंगठीतला लाल खडा आठवतो. समुद्रात भिंती बांधणारे दगडी प्रवाळ त्याहून वेगळ्या गटातले. ‘हे घरच्या टाकीत जगवता येते का?’ असे मला अनेकदा विचारले जाते. युरोप-अमेरिकेतील हौशी मंडळी ते जगवतात. कसे, हे समजून घेताना मला समुद्राचेच गणित उलगडत गेले.

उदाहरण घेऊ पॉसिलोपोरा डॅमिकॉर्निसचे. फुलकोबीच्या तुऱ्यांसारखी दिसणारी ही वसाहत असंख्य इवल्या पॉलिपांची असते. त्यांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहते आणि उजेडावर तयार केलेल्या अन्नातला मोठा वाटा यजमानाला देते. म्हणून टाकीवर प्रखर दिवे, सतत खेळते पाणी आणि २५-२६ अंश तापमान लागते. पण खरी कसोटी बांधकामाच्या मालाची आहे.

प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा. एका कॅल्शियममागे दोन बायकार्बोनेट खर्ची पडतात. लिटरभर समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम सुमारे ४१० मिलिग्रॅम असते, बायकार्बोनेट मात्र १४० च्या आसपास. हिशेब केला तर बायकार्बोनेट संपेपर्यंत कॅल्शियमचा जेमतेम नववा हिस्सा खर्च होतो. म्हणजे टाकीत आधी तुटवडा पडतो तो बायकार्बोनेटचा.

यावरचा एक जुना उपाय आपण शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेला आहे : चुन्याची निवळी. जर्मन भाषेत तिला ‘काल्कवासर’ म्हणतात आणि जगभरच्या हौशी मंडळींत तेच नाव रूढ आहे. निवळी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषते आणि कॅल्शियम व बायकार्बोनेट प्रवाळाला हव्या त्याच प्रमाणात पुरवते. रोज बाष्पीभवनाने घटणाऱ्या पाण्याच्या जागी ती थेंबथेंब सोडतात, शक्यतो रात्री. कारण तेव्हा शैवालाचे प्रकाशसंश्लेषण थांबलेले असते आणि पाणी आम्लतेकडे झुकते. एकदम ओतली तर चुना पांढरा होऊन तळाशी बसतो, आणि प्रवाळाच्या जिवावर बेतते.

आपल्याकडे मात्र हा छंद कायद्यात बसत नाही. दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ते काढणे, विकणे गुन्हा आहे. आणि ते आपल्यापासून दूरही नाहीत. मालवणच्या समुद्रात ते आहेत. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी २०२० मध्ये १८ वसाहती जागेवरून हलवाव्या लागल्या, तेव्हा अनेक मुंबईकरांना आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ असल्याचे प्रथमच कळले.

टाकीतले संकट आज समुद्रावरही आहे. हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, पाण्याची आम्लता वाढते आणि सांगाडा बांधणे अवघड होते. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी काही आठवडे तापले, तरी शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. शंभर लिटरच्या टाकीत माणूस रोज निवळी सोडू शकतो. अरबी समुद्रात ती सोडता येणार नाही. तिथे धूर कमी करणे आणि किनाऱ्यावरचे खडक न फोडणे, एवढेच आपल्या हाती आहे.