धान वेगळे, तांदूळ वेगळा

गोंदियाच्या राइस मिलमध्ये धानाच्या पोत्यांची थप्पी एकीकडे असते, तयार तांदळाची दुसरीकडे. तूस, कोंडा, कणी यांच्याही जागा ठरलेल्या. त्यामुळे नव्या हमालाला फारसे विचारावे लागत नाही. संगणकाचा प्रोग्रॅम तयार करतानाही अशीच मांडणी लागते.

आपण हाताने लिहितो तो मजकूर म्हणजे सोर्स. हे झाले धान. त्यापासून संगणकाला चालवता येईल अशी फाइल तयार करणे म्हणजे बिल्ड. ही झाली भरडाई. धान असेल तर तांदूळ पुन्हा काढता येतो, पण तांदळाचे धान होत नाही. विद्यार्थिदशेत मी दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवत असे. एकदा जागा करण्यासाठी तयार फाइली पुसल्या, आणि त्यांच्याबरोबर कित्येक दिवसांचे लिखाणही गेले!

बिल्डचे काम आपोआप करणारे 'मेक' हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये तयार केले. कशापासून काय बनते, हे त्याला बहुधा लिहून द्यावे लागते. पुढे जावा भाषेसाठी आलेल्या 'मेव्हन'ने जागाच ठरवून टाकल्या. सोर्स एका फोल्डरात, त्याच्या चाचण्या दुसऱ्यात आणि तयार माल 'टार्गेट' नावाच्या तिसऱ्यात. दरवेळी हे फोल्डर हाताने करायला नकोत, म्हणून त्याचा तयार नमुना असतो. एक आज्ञा द्यायची, प्रकल्पाचे नाव सांगायचे, की सगळी मांडणी उभी राहते. 'क्लीन' म्हटले की फक्त 'टार्गेट' पुसले जाते. सोर्सला धक्का लागत नाही.

नमुना विचार करत नाही. कोणती फाइल कोणत्या जातीची, हे आपणच ठरवायचे. समजा, मुले गावच्या मामा तलावाच्या पाणीपातळीचा आलेख काढणारा प्रोग्रॅम लिहीत आहेत. वहीतून टंकलेल्या नोंदी कोठे जातील? त्या पुन्हा आपोआप निर्माण होत नाहीत, म्हणून त्या धानाच्या बाजूला. आलेख मात्र तांदूळ!

वर्गात एक प्रयोग करून पाहा. प्रकल्पाची एक प्रत घ्या, तिच्यातले 'तयार माल' हे फोल्डर पूर्ण पुसा आणि पुन्हा बिल्ड करा. सर्व काही परत आले, तर मांडणी बरोबर. काही हरवले, तर थोडे धान तांदळाच्या थप्पीत गेले होते, असे समजावे.