पावलामागचं गणित – ७ : चढताना दम, उतरताना मांड्या

चालताना टेकलेल्या पायावरून शरीर उलट्या लंबकासारखं पुढे झुकतं, धावताना तोच पाय स्प्रिंग होतो, हे मागच्या दोन भागांत आलंच आहे. दोन्हीकडे एका पावलाची थोडी ऊर्जा पुढच्या पावलाच्या कामी येते. चढावर ही काटकसर फारशी जमत नाही. ६० किलोचा माणूस १५ सेंटिमीटरची पायरी चढला की सुमारे ८८ ज्यूल काम होतं आणि त्यासाठी स्नायूंना त्याच्या चौपट तरी ऊर्जा खर्चावी लागते. बाकीची उष्णता होते. डिसेंबरातही सिंहगड चढताना सदरा भिजतो तो यामुळे.

खरी गंमत उतरताना आहे. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन आपण आतकरवाडीच्या वाटेनं खाली निघतो. दम लागत नाही, गप्पा चालू असतात. निम्म्या वाटेवर जरा थांबावं, तर मांड्या थरथरायला लागतात!

एखादी पायरी अगदी सावकाश उतरून बघा. पुढचं पाऊल अजून हवेत असतं आणि मागच्या पायाचा गुडघा हळूहळू वाकत असतो. मांडीचा पुढचा स्नायू या वेळी लांबत असतो, तरी ताण सोडत नाही. विहिरीत भरलेली घागर सोडताना दोर हातातून जपून सरकू द्यावा, तसं. कृत्रिम गुडघ्यात संवेदक बसवून केलेल्या मोजणीत चालताना गुडघ्यावर वजनाच्या अडीचपट, तर जिना उतरताना जवळपास साडेतीनपट भार आढळला.

मग दम का लागत नाही? ॲबट, बिगलँड आणि रिची या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीनं जोडल्या. एकानं पेडल मारायचं, दुसऱ्यानं ते अडवायचं. जोर दोघांचा सारखाच, पण अडवणाऱ्याला ऑक्सिजन फारच कमी लागला. लांबत असताना प्रत्येक तंतू जास्त भार पेलतो, त्यामुळे थोड्याच तंतूंवर भागतं. भुर्दंडही त्या थोड्यांनाच पडतो. त्यांना सूक्ष्म इजा होते आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडायची आपली सवय जुनी आहे, पण ते तासा-दोन तासांत निघून गेलेलं असतं.

सोमवारी सकाळी कठडा धरून, आडवं होत जिना उतरणारे आपण. रोज डोक्यावर ओझं घेऊन गडावर ये-जा करणाऱ्यांचं असं होत नाही. हा ताण एकदा सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तोच ताण बराच सहज झेलतो. आपण गडावर जातो वर्षातून एकदा, तेही पाऊस बघायला.

(पुढच्या आठवड्यात : पाय मुरगळतो तो नेमका कुठे?)