एका कुंडींत अनेक फुलझाडें

खरिपाच्या ज्वारींत तूर पेरण्याची वहिवाट आपल्याकडे फार जुनी आहे. ज्वारी आधीं निघते, तूर मागें राहते. शिवाय तुरीचें मूळ खोल जातें, म्हणून दोघींचें जमतें. हाच न्याय अंगणांतील कुंडीस लावून पुष्कळ गृहस्थ हातीं येईल तें रोप तींत खोंवतात, आणि महिन्याभरांत निम्मीं झाडें गेलीं म्हणजे बियाण्यास दोष देतात. परंतु शेतांत जी खोली आहे ती कुंडींत नाहीं. कुंडी हें सामाईक खातें समजावें. तेथील सर्व हिस्सेदारांस एकाच ओलीवर जगावयाचें असतें. यास्तव केवळ रंग पाहून सोबती निवडूं नयेत. ज्यांचा हंगाम, ऊन व तहान एक, अशींच हंगामी फुलझाडें एकत्र लावावीं, असें आमचें मत आहे.

पावसाळ्यांत तेरडा व कोंबडा यांची जोडी चांगली. मृगांत बीं टाकल्यास भाद्रपदांत गौरींच्या वेळीं तेरडा फुललेला असतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण एका फुलापुरती खरी. झाड कित्येक आठवडे फुलत राहतें. १२ इंची कुंडींत मधोमध १ कोंबडा व भोंवतीं ठेंगण्या जातीचे ३ तेरडे पुरेत. थंडीसाठीं फ्लॉक्स व पिटुनिया यांचें बीं पावसाळा सरतांना पेरावें आणि ४-६ पानें आल्यावर रोपें हालवावीं. उन्हाळ्यांत मधें बटणाचें फूल व कडेस चिनी गुलाब लावावा; ऊन चढल्यावर उमलणाऱ्या ह्या फुलास कोणी ‘ऑफिस टाइम’ही म्हणतात. तेरडा व चिनी गुलाब मात्र एकत्र नकोत. पाणी चुकलें कीं तेरडा मान टाकतो. त्याच्यासाठीं रोज पाणी घालावें तर चिनी गुलाब कुजतो.

कुंडीच्या बुडास भोंक असावें व त्यावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा. २ भाग चांगली माती, १ भाग पूर्ण कुजलेलें शेणखत व १ भाग वाळू हें मिश्रण पुरेसें आहे. खत फार झाल्यास पाला माजतो आणि फूल कमी येतें.

कोमेजलेलीं फुलें वरचेवर खुडावीं. बीं धरणें हेंच हंगामी झाडाचें काम. तें साधलें कीं त्याचें फुलणें मंदावतें. मात्र अखेरीस एक निरोगी झाड बियाण्यासाठीं राखावें. तेरड्याचें पिकलेलें बोंड हात लागतांच फुटून बीं उडतें. तें पिवळट होतांच तोडावें.

चैत्र-वैशाखांत कुंड्यांस घालावयाचें पाणी पुष्कळ घरीं स्त्रियांनींच वाहून आणलेलें असतें. न जुळणारीं झाडें एकत्र लावलीं, तर त्याच पाण्यानें एक कुजतें व दुसरें तहानलेलें राहतें. शेताचा विचार करतांना आपण बियाणें, खत व मजुरी यांचा हिशेब मांडतों. अंगणांत ह्या घागरींचाही मांडावा.