चांदीची अपुरी मात्रा

भोईवाड्यातून केईएम रुग्णालयाकडे जाताना लागणाऱ्या औषधांच्या दुकानांत भाजलेल्या जखमेचे मलम मागितले, तर बहुधा चांदीयुक्त मलमच हाती येते. जंतू मारणारी ही चांदी आता अतिसूक्ष्म कणांच्या, म्हणजे नॅनोकणांच्या रूपात मोजे, पट्ट्या आणि पाण्याच्या फिल्टरमध्येही आली आहे. हे कण १ ते १०० नॅनोमीटरचे असतात. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो.

या कामात महाराष्ट्र मागे नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी जखमेवर लावायचे नॅनोचांदीचे जेल विकसित केले. ते संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मुंबईत सादर झालेल्या ‘टाटा स्वच्छ’ फिल्टरमध्ये भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवले होते.

कण जितका लहान, तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा. त्यातून चांदीचे आयन सुटतात, जंतूच्या प्रथिनांना चिकटतात आणि त्याचा श्वसनव्यवहार बंद पाडतात. मात्रा पुरेशी असेल तर जंतू मरतो.

अपुरी असेल तर? अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या २०१२ च्या प्रयोगात, मारक पातळीच्या बऱ्याच खालच्या चांदीत ई-कोलाय जंतू उलट किंचित जास्त तगले. २०१८ मध्ये चेक संशोधकांनी जंतूंना अशी अपुरी मात्रा पुन्हापुन्हा दिली. तेव्हा जंतू फ्लॅजेलिन नावाचे चिकट प्रथिन सोडू लागले. त्यामुळे नॅनोकणांच्या गुठळ्या झाल्या आणि चांदी निष्प्रभ ठरली. डाळिंबाच्या सालीच्या अर्काने हे प्रथिन रोखता आले, पण ते प्रयोगशाळेत. शिवाय थोड्या चांदीच्या ताणाखाली जंतू प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके एकमेकांना अधिक देतात, असेही प्रयोगांत आढळले आहे.

धोका केवळ परीक्षानळीतला नाही. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार, बॉस्टनच्या एका रुग्णालयात भाजलेल्या रुग्णांमध्ये सापडलेला साल्मोनेला सिल्व्हर नायट्रेट आणि दोन प्रतिजैविके, अशा तिघांनाही जुमानत नव्हता. भाजलेल्या माणसाची कातडीच गेलेली असते; तिथे औषध हरले, तर हाताशी फार थोडे उरते.

परळच्या हाफकिन संस्थेचा वारसा लशींचा. मेलेल्या जंतूंची लहानशी मात्रा शरीराला लढायला शिकवते, हे तिथल्या प्लेगच्या लशीचे तत्त्व. चांदीच्या अपुऱ्या मात्रेत हा धडा जंतूच गिरवतात.

म्हणून चांदीचे मलम डॉक्टर सांगतील तितके आणि तितकेच दिवस लावावे. किरकोळ खरचटल्यावर साबण-पाणी पुरते. फिल्टरचे काडतूस मुदतीत बदलावे. चांदीचे द्रावण ‘प्रतिकारशक्तीसाठी’ पिऊ नये; त्याने कातडी कायमची निळसर-करडी पडू शकते. आणि मोज्यांना वास येत असेल, तर ते रोज धुवावेत. जी चांदी जखमेसाठी राखून ठेवायची, ती मोज्यांत कशाला खर्चायची?