वास कधी येतो?

"अगं, परत पेट्रोलचा वास येतोय. गाडी बाहेर काढ आधी." मे महिन्यात आई हे तिसऱ्यांदा म्हणाली. आमची पद्मिनी ज्या शेडमध्ये उभी असते, तिच्या भिंतीपलीकडेच स्वयंपाकघर आहे. आईची धास्ती रास्त होती. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि दाराच्या फटीतून सरळ शेगडीपर्यंत येऊ शकते. मी गाडी सुरू न करता ढकलत अंगणात आणली.

१९८६ची गाडी, १०८९ सीसीचं इंजिन, बाबांनी हौसेने घेतलेली. गॅरेजमध्ये दोनदा कार्बोरेटर उघडून झाला होता. निदान एकच: "ओव्हर होतोय." कार्बोरेटरला एक छोटी वाटी असते. ती भरत आली की फ्लोट वर उचलला जातो आणि निडल पेट्रोलची वाट बंद करते. गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखंच. निडलखाली कचरा अडकला किंवा पोकळ फ्लोटला भोक पडून तो जड झाला, की वाटी उतू जाते. निडल नवी आली, फ्लोटही कानाशी हलवून पाहिला, आत काही खळखळलं नाही. वास मात्र तसाच. मग ऐकायला मिळालं, "जुन्या गाडीला वास असायचाच."

मला ते पटेना. वास कुठून येतो याच्याआधी तो कधी येतो हे पाहायचं ठरवलं आणि वहीत टिपत गेले. थंड गाडी सुरू करताना क्षणभर येतो तो चोकचा. तापलेली गाडी बंद केल्यावर थोडा वेळ येतो तो वाटीतलं पेट्रोल इंजिनच्या धगीने उकळल्याचा. तेवढा मी चालवून घेते. टाकी फुल केल्यावरच येत असेल, तर टाकीच्या तोंडाची रबरी नळी आणि झाकणाचं वायसर बघावं. नाक काही मिनिटांत सरावतं, म्हणून दर वेळी फाटकापर्यंत जाऊन परत यायचं.

आमचा वास यातल्या कशातच बसेना. तापलेली गाडी सिग्नलला थांबली की यायचा, धावू लागली की विरायचा. प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद धरला, सगळे कोरडे. पाइपवर पेट्रोल सुकल्याचा तपकिरी डागही नाही. प्लग काढले, तर टोकं चहाच्या रंगाची निघाली. कार्बोरेटर खरंच ओव्हर होत असता, तर ती काजळीने काळी झाली असती.

शेवटी ऑइलची पट्टी ओढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर! महिनाभरात मी थेंबभर घातलं नव्हतं. पट्टी नाकाशी नेली, पेट्रोल!

पद्मिनीचा पंप इंजिनच्या कुशीलाच बसवलेला असतो. आतल्या कॅममुळे त्याची दांडी हलते आणि पातळ डायफ्राम खालीवर होत पेट्रोल ओढतो. तो फाटला की पेट्रोल इंजिनच्या पोटात, ऑइलमध्ये उतरतं. बाहेर ओल दिसतच नाही. इंजिन तापल्यावर वाफ ब्रीदरमधून निघते, आणि गाडी उभी असली की आपल्यापर्यंत येते. वासापेक्षा मला जास्त भीती वाटली ती पातळ झालेल्या ऑइलची. त्यावर बेअरिंग टिकत नाहीत. आणखी हजारभर किलोमीटर तशीच चालवली असती, तर बाबांचं इंजिन गेलं असतं.

उघडलेल्या पंपात डायफ्रामला नखाएवढी चीर होती. नवा घालताना इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सोसेल असा मागून घेतला, कारण आताच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर फुगतं, तडकतं. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्याही बदलल्या. ऑइल आणि फिल्टर नवे.

आठ दिवस गाडी अंगणातच ठेवली. रोज सकाळी पट्टी पुसून, परत बुडवून खूण बघायची, मग ती कागदावर टेकवून कागद आईकडे न्यायचा. तिच्या नाकावर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास. नवव्या दिवशी तिने कागद दोनदा हुंगला आणि म्हणाली, "ने आता आत."