कानातील भरती-ओहोटी

बहिऱ्या मनुष्यास कधीच काही ऐकू येत नाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ज्यांचे कान आज ऐकतात आणि उद्या ऐकत नाहीत, अशीही माणसे आहेत. समजा, एखाद्या घरी असे एक काका आहेत. सोमवारी त्यांना शेजारच्या खोलीतील बोलणे ऐकू येते. बुधवारी समोर बसलेल्या थोरल्या भावाचे शब्दही भिंतीपलीकडून आल्यासारखे अस्पष्ट वाटतात. आठवडा सरतो आणि कान पुन्हा उघडतो. त्यातही गंमत अशी, की या विकारात प्रथम बहुधा खर्जातील स्वर हरवतात. त्यामुळे रस्त्यावरील सायकलची घंटी त्यांना ऐकू येते, पण भावाचा भारदस्त आवाज ऐकू येत नाही. मग घरची मंडळी म्हणतात, "यांना सोयीचे तेवढे बरोबर ऐकू येते!" डोळा आला तर तो लाल झालेला सर्वांस दिसतो, कानाकडे पाहून मात्र काहीच कळत नाही. दुखण्याहून हा अविश्वासच अधिक बोचतो.

या विकारास मेनिएरचा विकार म्हणतात. प्रॉस्पेर मेनिएर हे पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेचे वैद्य होते. एकाएकी घेरी येऊन, ओकाऱ्या होऊन कोसळणाऱ्या रोग्याच्या मेंदूत रक्त साचले आहे, असे त्या काळी मानीत व त्याचे रक्त काढीत. मेनिएर यांनी अशा रोग्यांच्या हकिगती शांतपणे ऐकून घेतल्या. घेरीबरोबर कानात आवाज होतो, ऐकू कमी येते, असे हे रोगी सांगत. या घेरीचे मूळ मेंदूत नसून कानाच्या आतील भागात आहे, असा निबंध मेनिएर यांनी जानेवारी १८६१ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे वाचला. पुढच्याच वर्षी ते वारले.

ऐकण्याचा आणि घेरीचा संबंध कसा, असा प्रश्न कोणासही पडेल. कवटीच्या कठीण हाडात आंतरकर्ण दडलेला असतो. त्यात शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिने आपण ऐकतो. तिला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्या शरीराचा तोल सांभाळण्यास साहाय्य करतात. या सर्वांच्या आत पातळ पडद्याची एक सलग पोकळी असून तीत एकच द्रव भरलेला असतो. या विकाराच्या रोग्यांत तो द्रव वाढून पडदा फुगलेला असतो, हे १९३८ मध्ये लंडनमधील हॉलपाइक व केर्न्स यांनी आणि त्याच वर्षी जपानमधील यामाकावा यांनी दाखवून दिले. विकार उसळला की कान दडपल्यासारखा होतो, आत गाज सुरू होते, ऐकू येईनासे होते आणि घर गरगर फिरू लागते. ही घेरी वीस मिनिटे टिकते, कधी कित्येक तास. प्रारंभीच्या वर्षांत ती ओसरल्यावर ऐकू येणे परतते. पण प्रत्येक ओहोटी किनाऱ्यावरील थोडी वाळू नेते, तसे वर्षानुवर्षे थोडे थोडे कमी होत जाते.

ॲलन शेपर्ड हे अंतराळात गेलेले पहिले अमेरिकन. १९६१ च्या मे महिन्यात त्यांनी ते उड्डाण केले. दोनच वर्षांनी त्यांच्या डाव्या कानात हा विकार उद्भवला. आरंभी त्यांनी तो लपविला. परंतु घेरी काही लपत नाही. त्यांचे उड्डाण बंद झाले आणि इतरांच्या उड्डाणांची व्यवस्था पाहत ते जमिनीवर राहिले. १९६८ मध्ये वाढीव द्रवास वाट करून देणारी एक बारीक नळी त्यांच्या कानात बसविण्यात आली. घेरी थांबली, आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, ते चंद्रावर चालले. हे भाग्य सर्वांसच लाभते असे नाही. पुष्कळांस ही भरती-ओहोटी सोबत घेऊनच संसार करावा लागतो.

अशा माणसाशी ओरडून बोलण्यात अर्थ नसतो. मंद आवाज त्यास ऐकू येत नाही, आणि मोठा आवाज कानात टोचतो! कित्येकांस तर पेटीचा एकच सूर दोन कानांत दोन निरनिराळ्या उंचीचा भासतो. तेव्हा समोर यावे, चेहऱ्यावर उजेड असावा, सावकाश व एकेकाने बोलावे. वैद्य मीठ कमी करावयास सांगतात. त्यामुळे काकांच्या ताटातील पापड-लोणचे केव्हाच गेले. उंच शिडीवर ते चढत नाहीत, विहिरीत एकटे पोहत नाहीत. श्रवणयंत्र आहे, पण कालचा आवाज आज पुरत नाही, म्हणून ते पुनःपुन्हा जुळवून घ्यावे लागते.

आता घरातील मंडळींनाही उमज पडली आहे. सकाळी चहाच्या वेळी थोरले भाऊ समोर येऊन विचारतात, "आज कान कसा आहे?" काका तळहात खाली करून दाखवितात. मग मुले आपापले पाट उचलून त्यांच्या उजव्या बाजूस येऊन बसतात.