विमानोड्डाणप्रसंगी वैमानिक व हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यातील संवाददोष : तेनेरिफे दुर्घटनेच्या संदर्भात

प्रस्तावना

विमान धावपट्टी सोडून आकाशात झेपावते तो काळ अल्प, परंतु अत्यंत जोखमीचा असतो. या काळात वैमानिक व नियंत्रक यांना जोडणारा प्रमुख दुवा म्हणजे रेडिओवरून उच्चारला जाणारा शब्द होय. शब्द एकच, परंतु बोलणाऱ्याच्या मनातील अर्थ एक आणि ऐकणाऱ्याने घेतलेला अर्थ दुसरा, अशी स्थिती निर्माण झाल्यास काय घडते, याचा विचार प्रस्तुत लेखात तेनेरिफे येथील दुर्घटनेच्या आधारे केला आहे.

घटनेची पार्श्वभूमी

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या कानारी द्वीपसमूहातील ग्रान कानारिया विमानतळावर बॉम्बस्फोट झाला. त्यामुळे तेथे जाणारी विमाने शेजारच्या तेनेरिफे बेटावरील लॉस रोदेओस या लहान विमानतळाकडे वळविण्यात आली. उभ्या विमानांमुळे धावपट्टीकडे जाणारा मार्ग अडला होता. परिणामी केएलएम व पॅन अॅम या कंपन्यांच्या दोन बोइंग ७४७ विमानांना धावपट्टीवरूनच तिच्या दुसऱ्या टोकाकडे जावे लागले. त्यातच दाट धुके उतरले. विमानतळावर जमिनीवरील विमाने दाखविणारे रडार नव्हते. केएलएमचे विमान टोकाला जाऊन वळून उभे राहिले, तेव्हा पॅन अॅमचे विमान त्याच धावपट्टीवरून पुढे येत होते. दोन्ही विमाने परस्परांना दिसत नव्हती आणि नियंत्रकालाही ती दिसत नव्हती.

संवादातील दोषांचे स्वरूप

१. दोन अनुमतींची सरमिसळ : विमानाला दोन स्वतंत्र अनुमती लागतात. पहिली उड्डाणानंतरच्या मार्गाची व दुसरी प्रत्यक्ष उड्डाणाची. नियंत्रकाने केएलएमला केवळ मार्गाची अनुमती दिली होती. मात्र त्या सूचनेत 'टेकऑफनंतर' कोणत्या दिशेने वळावे, असा उल्लेख होता. उड्डाणास अधीर झालेल्या कॅप्टनने तीच उड्डाणाची अनुमती मानली असावी.

२. संदिग्ध वाक्यरचना : सहवैमानिकाने मार्गाचा पुनरुच्चार करून शेवटी 'आता आम्ही टेकऑफला आहोत' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य जोडले. त्याला अभिप्रेत होते की विमान धावू लागले आहे. नियंत्रकाने अर्थ घेतला की विमान उड्डाणाच्या जागी सज्ज उभे आहे. चालू क्रिया दर्शविण्याच्या डच भाषेतील पद्धतीचा हा प्रभाव असावा, असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. मराठीतही घरात बसलेला मनुष्य 'निघालोच' असे म्हणतो. ऐकणारा मात्र तो वाटेत आहे असे समजतो. नित्य व्यवहारात अशा संदिग्धतेने फारसे बिघडत नाही. धावपट्टीवर ती प्राणघातक ठरते.

३. अर्धवट पोहोचलेला संदेश : नियंत्रकाने प्रथम 'ओके' म्हटले आणि क्षणभर थांबून उड्डाणासाठी प्रतीक्षा करण्यास सांगितले. नेमक्या त्याच वेळी पॅन अॅमच्या वैमानिकांनी आपण अद्याप धावपट्टीवर असल्याचे कळविले. एकाच वारंवारितेवर दोन संदेश एकत्र आल्याने केएलएमच्या कक्षात कर्कश आवाज उमटला. स्पष्ट ऐकू आला तो 'ओके' हा शब्द.

४. अधिकाराचे दडपण : त्यानंतर फ्लाइट इंजिनिअरने, पॅन अॅमचे विमान धावपट्टीवरून बाजूला झालेले नाही काय, अशी शंका व्यक्त केली. कॅप्टनने ठामपणे ते बाजूला झाल्याचे सांगितले. कॅप्टन हे कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक होते. शंका पुन्हा उपस्थित झाली नाही. काही सेकंदांतच दोन्ही विमानांची टक्कर झाली व ५८३ जण मृत्युमुखी पडले. केएलएममधील सर्व २४८ जण दगावले. पॅन अॅममधील ६१ जण वाचले.

दुर्घटनेनंतरच्या सुधारणा

स्पेनच्या चौकशीत अनुमतीविना उड्डाण हे मूळ कारण ठरविण्यात आले. डच पक्षाने परस्पर गैरसमजावर अधिक भर दिला. पुढे 'टेकऑफ' हा शब्द केवळ प्रत्यक्ष उड्डाणाची अनुमती देताना किंवा ती रद्द करताना वापरावा, एरव्ही 'डिपार्चर' म्हणावे, असा दंडक रूढ झाला. महत्त्वाच्या सूचनेला नुसत्या 'ओके'ऐवजी पूर्ण पुनरुच्चार आवश्यक मानला गेला. १९७९ मध्ये नासाने आयोजित केलेल्या कार्यशाळेनंतर, कनिष्ठांनी शंका स्पष्टपणे मांडावी व वरिष्ठांनी ती ऐकावी, याचे प्रशिक्षण विकसित होत गेले.

तरीही भाषेचा प्रश्न संपला नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दिल्लीहून निघालेले सौदी विमान व दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे विमान यांची हवेत टक्कर होऊन ३४९ जणांचा मृत्यू झाला. कझाक कर्मचाऱ्यांचे तोकडे इंग्रजी हा त्या चौकशीतील एक महत्त्वाचा मुद्दा होता. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक व नियंत्रक यांच्यासाठी भाषिक प्रावीण्याच्या सहा पातळ्यांवर आधारित निकष स्वीकारले. त्यांपैकी चौथी पातळी किमान मानण्यात आली.

समारोप

तेनेरिफे येथे कोणीही अर्थहीन बोलले नव्हते. प्रत्येकाचे वाक्य त्याच्यापुरते अर्थपूर्ण होते. समोरच्याने तोच अर्थ घेतला काय, याची खातरजमा तेवढी राहून गेली. पुनरुच्चार ही म्हणूनच केवळ औपचारिकता नव्हे. बोलणाऱ्याला आपला शब्द दुसऱ्याच्या मुखातून तपासून पाहण्याची ती एकमेव संधी असते, आणि चूक दुरुस्त करण्याचा वेळ तिच्यातूनच मिळतो.